मोरीमागचं अक्रोडाचं झाड

इंदू, मी आधी नळ बंद केला.

हे तुलाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील म्हातारीला कळत नाही काही. मागच्या दारी नळ धो धो चाललेला, बादली भरून वाहत होती, झाडाचं आळं भरून पाणी गटाराला लागलेलं. आणि तू पायरीवर बसलेलीस, चौकटीला डोकं टेकून. मी म्हणलं, "अगं पाणी जातंय, लक्ष कुठंय तुझं?" नळ बंद केला. बादली उचलून बाजूला ठेवली. मग वळले. तुझ्या बोटाला मिश्री तशीच लागलेली होती.

आत्ता तर तू भिंतीवर थाप मारलेलीस. "आक्का, दूध आलं काय गो?" मी म्हणलं, "आलं, ये." चहा टाकला, तुझा कप काढला. चहाला उकळी येते तेवढ्यात माणूस जातं? मी माझ्या माणसाला अंथरुणात झिजत झिजत जाताना बघितलंय. सासूला बघितलंय. मला वाटायचं, मरण म्हणजे मोठं काम असतं, घरादाराला दमवतं. तू दूध आलं का विचारलंस आणि गेलीस.

डॉक्टर आला, बघितलं, म्हणाला, "हार्ट." मी म्हणलं, "बरं." जसं काही त्यानं मला भाजीचा भाव सांगितला.

हे वंदना लिहून घेतेय. माझं शिक्षण तुला माहीत आहे, सही करते तेवढंच. वंदना म्हणाली, "आई, मावशीच्या दहाव्याला चाळ जमेल, तेव्हा वाचू, तू बोल." मी तिला म्हणलं, बोलते तसं लिही, मध्ये शहाणपणा करू नकोस. ती लिहिता लिहिता डोळे पुसते. मला रडू येत नाही. अजून पटतच नाही तर रडू कशाचं? तुमच्यात दहावं असतं, तुझा भाचा गावावरून येऊन करेल. आमच्यात पुण्यानुमोदन करतात. मी शेजारीण. मी नक्की काय करायचं असतं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

तू कोपरला आमच्या चाळीत राहायला आलीस ती हातात ट्रंक घेऊन, एकटी. चाळीतल्या बायका आधी कडेवर बघतात. कुणीतरी विचारलंच, "पोरं गावाला का?" तू म्हणालीस, "पोरं नायत. नवरा पण नाय. त्यानं दुसरी केली. अजून काय विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, नंतर मला पाणी भरायचंय." मी मनात म्हणलं, हिच्याशी जमेल.

जमायला मात्र वेळ गेला. माझ्या घरात बुद्धाची मूर्ती, तू दारातनंच बोलायचीस. पाणी घ्यायची नाहीस. मी पण कधी "घे" म्हणलं नाही. मला त्याची गावापासनं सवय होती. मग तुला टायफॉईड झाला. एका दुपारी भिंतीवर थाप पडली. मी आले तर तुझे ओठ फुटलेले, घागर कोरडी. मी माझ्या माठातला तांब्या आणला. तू घटाघट प्यालीस, तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "तुझ्या माठाचं पाणी किती गार आहे गो. एवढी वर्षं फुकट गेली माझी."

माफी नाही, काही नाही. मला ते आवडलं. माफी मागितली असतीस तर मला काय बोलायचं तेच सुचलं नसतं.

माझ्या माणसाची कंपनी बंद पडली, पाठोपाठ त्याची छाती बिघडली, तेव्हा काम तूच आणलंस. "आक्का, दगडं फोडायचीत, येतेस?" दगडं म्हणजे अक्रोड. कल्याणच्या व्यापाऱ्याकडनं पोती यायची. गर अख्खा निघाला तर पैसे, तुकडा झाला तर अर्धे. आपण दोघी तुझ्या खोलीत गोणपाटावर समोरासमोर बसायचो. माझा घाव जोरात पडायचा, चुरा व्हायचा. तू म्हणायचीस, "अगो, नवऱ्याचं डोकं समजून मारू नको. शिवणीवर मार, हळू." दोन बोटांत उभा धरून शिवणीवर बत्ता. तळहात सोलून निघायचे, नखं काळी पडायची. त्या पैशात माझ्या माणसाची औषधं आली, वंदनाची शाळा झाली. ती शाळेतनं यायची ती तुझ्याच गोणपाटावर. तू तिला गर चोरून द्यायचीस आणि मला सांगायचीस, "तुकडा झाला गो."

मधनंच एखादा अक्रोड पोकळ निघायचा. तुला फोडायच्या आधीच कळायचं, हाताला हलका लागतो म्हणून. तसा एक आला की तू बाजूला ठेवायचीस आणि म्हणायचीस, "ही माझ्या जातीची." पहिल्यांदा मी हसले. मग कळलं, तेव्हापासून हसले नाही. तू मात्र दर वेळी हसायचीस. तुझी सासू तुला काय काय म्हणायची ते मला असंच तुकड्या-तुकड्यानं कळलं, बत्त्याच्या दोन घावांमध्ये.

अक्रोड ओल्या फडक्यात बांधून ठेवले की कवच नरम पडतं, गर अख्खा सुटतो, ही पण तुझीच युक्ती. उन्हाळ्यात फडक्याला वास यायचा म्हणून तू पुरचुंड्या फ्रिजमध्ये ठेवायला लागलीस. वंदनाच्या लग्नाच्या धांदलीत एक पुरचुंडी भाजीच्या कप्प्यात तळाला राहिली. लग्न झालं, पोरगी ठाण्याला कोपरीला गेली, थंडी सरली. शिमग्याच्या आसपास तू फ्रिज पुसायला काढलास आणि बोंब मारलीस, "आक्का! धाव!"

मला वाटलं शॉक लागला. पायात चप्पल न घालता धावले. तर तू जमिनीवर मांडी घालून, ओंजळीत एक अक्रोड. शिवण फुटलेली आणि त्यातनं पांढरं बोट बाहेर आलेलं.

"ह्याला कोंब आला गो."

मी म्हणलं, "सडलाय. टाक."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मी डबा शोधायला उठले.

आधी तेलाच्या डब्यात, मग दोघींच्या मोरीच्या मागं जी पट्टी आहे तिथं लावलंस. अर्धं तुझ्याकडे, अर्धं माझ्याकडे. चाळीत चेष्टा. "इंदूमावशी, काश्मीर कधी उघडताय?" तू म्हणायचीस, "तिकीट काढा, मग सांगते."

काय नाही केलं त्याच्यासाठी. एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा भाजल्यासारख्या व्हायच्या, तर तू वर जुनं लुगडं बांधायचीस. खोडाला चुना लावायचीस, ऊन लागू नये म्हणून. एका पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं, पानं काळी पडून गळली, तर तू कुणाच्या तरी तोडलेल्या बाथरूमचं डबर घमेल्यानं वाहून आणलंस, उंचवटा केलास, चर खणलास. मी म्हणलं, "म्हातारपणी बिगारी झालीस." तू म्हणालीस, "उभी राहून बघू नको, घमेलं धर." मग मी पण बिगारी.

त्याच्या खाली काही जगायचं नाही. तुझा अळू पिवळा पडून मेला. मिरची मेली. तू म्हणालीस, "एकट्याला राहायची सवय आहे ह्याला. राहू दे." पानं चुरगाळली की औषधासारखा वास यायचा, तो तुझ्या हाताला कायमचा लागलेला. परवा तुला आंघोळ घालताना पण तो वास आला मला. चार बायका होत्या, मी कुणाला बोलले नाही.

झाड पत्र्याच्या वर गेलं, फळाचा पत्ता नाही. मग तो दरवर्षी थंडीत येणारा शालवाला आला. त्यानं झाड बघून कपाळाला हात लावला. "अम्मा, ये यहाँ कैसे? इसको सर्दी चाहिए, बर्फ चाहिए." तो बोलायचं म्हणून बोलला आणि गेला. तू मात्र दुसऱ्या दिवशी मासळीबाजारातनं बर्फ घेऊन आलीस, पोत्यात गुंडाळून, आणि मुळाशी रचलास. बर्फाला बांगड्याचा वास. गल्लीतली सगळी मांजरं येऊन झाडाखाली बसली. मी इतकी हसले की भिंत धरावी लागली. तू कोयता दाखवत मांजरांच्या मागं पळतेयस आणि ओरडतेयस, "हसतेस काय गो, झाडाला थंडी वाजायला हवी!" ती थंडी संपेपर्यंत तू बर्फ आणत राहिलीस. फळ आलं नाही. मांजरं मात्र पुढच्या वर्षी पण येऊन बसायची.

एवढं सगळं केलेली बाई, आणि आत्ता होळीनंतर एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या म्हणालीस, "आक्का, झाड काढून टाकू या."

मला वाटलं थट्टा करतेस.

"का?"

"फळत नाय तर ठेवायचं कशाला? शेवगा लावू. शेंगा तरी मिळतील."

इंदू, तुला काय सांगू. फळत नाय तर ठेवायचं कशाला. हेच शब्द तू मला सांगितलेले. तुझ्या सासूचे. तुझ्या तोंडनं मी ते ऐकतेय आणि तू शेंगा मोजल्यासारखी बसलेलीस. मी म्हणलं, "झाड माझ्या पण बाजूला आहे. मी हात लावू देणार नाही."

"मग बस त्याच्या मांडीवर."

"बसेन."

तेव्हापासून आपलं तेच चाललेलं. चहा व्हायचा, दूध-साखर व्हायचं, मध्येच तू म्हणायचीस, "कधी काढायचं?" मी म्हणायचे, "मी मेल्यावर." माझ्या जिभेवर आलेलं, एकदा नाही, कितीदा. म्हणणार होते, "अगं, ज्यांनी तुला काढली त्यांच्यासारखं बोलू नकोस." नाही बोलले. वाटलं, जुनी जखम आहे, आपण नख लावू नये. मी मनात धरून बसले की तू म्हातारपणी स्वतःवरच उलटलीस, आणि झाडासाठी भांडते ते तुझ्यासाठीच भांडते. हे तुला कधी कळावं असंही वाटत नव्हतं.

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी मी म्हणलं, "गुरुवारी वंदनाकडे जाते. दोन दिवस राहीन." तू किती खूश झालीस. "जा गो जा. निवांत राहा. घाई करू नको." मला वाटलं, माया.

गुरुवारी मी कुठली जाते. वंदनाच इकडे आलेली. तुझा भाचा सगळं आटोपून, खोलीला कुलूप घालून गावी गेलेला, दहाव्याला येतो म्हणून. मी मागच्या दारात तांदूळ घेऊन बसलेले. निवडत नव्हते, नुसती बसलेले. तर बोळातनं एक माणूस आला. खांद्यावर दोर, हातात कुऱ्हाड, कमरेला कोयता.

"इंदूमावशी हायत का?"

मी तांदूळ बाजूला ठेवले.

"खडवलीवरनं आलोय. झाड पाडायचं सांगलं व्हतं. गुरुवारीच ये बोलल्या, शेजारीण नसंल तेव्हा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही कोण?"

"मी शेजारीण."

तो बिचारा चपापला. कुऱ्हाड पाठीमागं घेतली, जसं काय मला दिसलीच नव्हती. मला असा राग आला, इंदू. एवढी कपटी? मला लेकीकडे पाठवून? मी म्हणलं, "कोण म्हणलं तुला झाड पाड? फळत नाही म्हणून? फळत नाही म्हणून जिवंत झाड पाडतात?"

तो म्हणाला, "फळाचं काय नाय बोलल्या त्या. त्या बोलल्या, मूळ आक्काच्या मोरीत शिरलंय. फरशी उचललीय. भिंत फुगलीय. पावसात भिंत बसली तर ती एकटी बाई आत निजते. तिला सांगितलं तर आयकायची नाय, झाडासाठी भांडंल. म्हणून गुपचूप."

मी मोरीकडे बघितलं. कोपऱ्यातली फरशी वर आलेली मला पण दिसत होती. मी तिच्यावर पाटा ठेवलेला. भिंतीची फुगी तुझ्या बाजूनं दिसते, माझ्या बाजूनं भांड्यांची मांडणी आहे.

म्हणजे तू स्वतःचं काहीच बोलत नव्हतीस. सासूचे शब्द, शेवगा, शेंगा, सगळी थाप. मी इतके दिवस तुझी कीव करत बसले आणि तू माझी भिंत बघत होतीस. खरं बोलायला काय झालेलं तुला? "आक्का, भिंत पडेल," एवढं म्हणायचं. पण मी ऐकलं नसतं हेही खरं. मी म्हणाले असते, पडू दे.

माझं डोकंच फिरलं. मी त्याला म्हणलं, "थांब इथंच. तिलाच विचारते." आणि उठले, पदर खोचला, तुझ्या दाराशी गेले आणि दारावर थाप मारून ओरडले, "इंदू! बाहेर ये! ह्या माणसाला काय सांगितलंस तू?"

कुलूप हललं. माझा हात लागून.

वंदना आतनं धावत आली. "आई." तिनं माझा हात धरला. तो माणूस बघत होता, एकदा कुलुपाकडे, एकदा माझ्याकडे. त्याला काहीच माहीत नव्हतं. कुणीतरी सांगायला हवं होतं आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. मी तोपर्यंत हे तोंडानं म्हणलंच नव्हतं. डॉक्टरनं म्हणलं, भाच्यानं म्हणलं, चाळीनं म्हणलं. मी नुसती मान हलवत होते.

मी म्हणलं, "मंगळवारी गेली ती."

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. डोक्याचा रुमाल काढला. "बोलल्या तेव्हा चांगल्या होत्या," तो म्हणाला. मी म्हणलं, "सकाळी पण चांगली होती."

मग त्यानं हळूच विचारलं, "मंग झाडाचं?"

आता बघ इंदू माझी पंचाईत. तुझं ऐकू तर झाड जातं. माझं खरं करू तर तू एवढा जीव टाकून ठरवलेलं मोडतं, आणि तुला उलटं बोलायला पण येणार नाही. तू समोर असतीस तर मी तुला खुशाल हरवलं असतं. वंदना म्हणाली, "आई, मावशीची शेवटची इच्छा होती." मी म्हणलं, "इच्छा नव्हती. भांडण होतं. भांडणात एकाचं ऐकायचं नसतं."

मी त्याला विचारलं, "मोरीची फरशी काढता येईल?"

"मी झाडवाला हाय आक्का, गवंडी नाय."

"पहार आहे ना?"

"हाय."

"मग काढ."

पाटा त्यानंच उचलला. फरशी उचकटली, माती उकरली. मूळ निघालं. माझ्या मनगटाएवढं, तांबूस-काळं, भिंतीच्या पायाखालनं आत आलेलं आणि मोरीच्या ओलीवर चांगलं पोसलेलं. तुझी बर्फं, तुझी घमेली ते विसरलं आणि माझ्या खरकट्या पाण्याला लागलं. मी म्हणलं, "हे भिंतीच्या पलीकडनं तोड. एवढंच. बाकी झाडाला हात लावायचा नाही."

तो म्हणाला, "मोठं मूळ हाय. ऐन उन्हाळ्यात तोडलं तर झाड मरंल पण. काय सांगता येत नाय."

"आणि नाही तोडलं तर?"

"भिंत जाईल."

"तोड."

त्यानं बाहेरनं चर खणला आणि कुऱ्हाड घातली. पहिल्या घावाला तो वास आला, तुझ्या हाताचा. वंदना आत निघून गेली. मी उभी राहिले. आतलं मूळ त्यानं ओढून काढलं, खड्ड्यात विटांचे तुकडे ठासले, फरशी जमेल तशी बसवली. पैसे घेईना. म्हणाला, "मावशीनी सांगलेलं काम तर केलंच नाय." मी बळंच त्याच्या खिशात कोंबले. जाताना झाडाकडे बघून म्हणाला, "पाणी घाला, पण जास्त नको." मला हसू येणार होतं, इंदू. आपल्याला सांगतोय.

तुझी खोली आता भाचा भाड्यानं देईल. नवीन माणसं येतील, चांगली असतील. त्यांना मी भिंतीवर थाप मारायचं शिकवणार नाही. भिंत आधीच फुगलीय.

मला तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलायचं होतं. वंदना म्हणते, आई, तू तर नुसती झाडाचं बोललीस. असू दे. पोरीची शाळा तुझ्या गोणपाटावर झाली, माझ्या माणसाला शेवटच्या दिवसांत पेज तू भरवलीस मी अक्रोड फोडत बसलेली असताना, हे चाळीला माहीत आहे. तुला माहीत आहे. मी कधी तोंडानं म्हणलं नाही. आता वंदना लिहितेय म्हणून म्हणते. उपकार झाले तुझे. हे तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "आजारी आहेस काय गो?"

आज सकाळी मागं गेले. मीच पाणी घातलं, थोडंच. खालची पानं मलूल होऊन लोंबतायत. शेंड्याची पानं अजून ताठ आहेत. भिंतीला हात लावून बघितला, फुगी तेवढीच आहे, वाढलेली नाही. पाऊस आला की कळेल, झाड राहतं की भिंत, का दोन्ही राहतात, का दोन्ही जातात.

तोपर्यंत भांडण मिटलं असं समजू नकोस.